गळ्यातली गोफण

गेल्या जुलैत कंपनीच्या कबड्डी स्पर्धेत मी उजव्या कॉर्नरला खेळत होते. समोरची रेडर आत आली, मी तिचा घोटा धरला आणि ती मध्यरेषेकडे झेपावली. माझा उजवा हात तिच्याबरोबर गेला. मी मागेच राहिले. सिनेमात येतो तसा 'कड्' आवाज आला नाही. काहीतरी ओलं गिळल्यासारखा आवाज आला, आणि खांद्याची गोलाई होती तिथे एकदम काटकोन दिसायला लागला. पॉइंट आम्हालाच मिळाला, हे इथे नोंदवून ठेवते.

इमर्जन्सीत इंजेक्शन देऊन खांदा जागेवर बसवला. मी पूर्ण शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टर आईला सांगत होते, "तीन आठवडे हात गळ्यात ठेवायचा." चिठ्ठीवर औषधांच्या खाली दोनच शब्द होते, आर्म स्लिंग. कोणती, केवढी, कशी बांधायची, काही नाही. मेडिकलवाल्याने विचारलं, "साइझ?" भावाने माझ्याकडे बघितलं, मी भावाकडे. "मीडियम द्या," तो म्हणाला, टी-शर्ट घेतल्यासारखा.

साडेतीनशे रुपयांचं ते निळं पाऊच मी दोन दिवस वापरलं. पट्टा बोटभर रुंद, तो थेट मानेच्या मणक्यावर बसायचा. पिशवी माझ्या हाताला आखूड, त्यामुळे मनगट काठावरून खाली लोंबायचं. दुसऱ्या रात्रीपर्यंत खांद्यापेक्षा मान जास्त दुखायला लागली आणि बोटं सुजून वडापावातल्या मिरच्यांसारखी झाली. तिसऱ्या दिवशी वैतागून आईच्या जुन्या सुती ओढणीचा त्रिकोण केला आणि त्यात हात टाकला. दहा मिनिटांत मला झोप लागली.

उठल्यावर मात्र राग आला. फॅक्टरीत खास हातासाठी शिवलेली वस्तू ओढणीपुढे हरते म्हणजे काय? तीन आठवडे डाव्या हाताने मोबाइल धरून पडायचंच होतं, म्हणून मी वाचत सुटले. हे फक्त कुतूहल नव्हतं. आमच्या घरात गळ्यात अडकवलेल्या हाताचा एक जुना हिशोब बाकी आहे.

*

मी सातवीत असताना आजी ओसरीवरून पडली. कराडजवळ आमचं गाव आहे, तिथे. दंडाचं हाड खांद्याजवळ मोडलं होतं. ऑपरेशन लागलं नाही. जुन्या लुगड्याची झोळी करून हात गळ्यात अडकवला, आणि हाड छान जुळलं. एक्स-रे बघून सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त झोळी कधी काढायची आणि हात कधी हलवायचा, हे तिला कोणी नीट सांगितलं नाही. म्हणून तिने ती काढलीच नाही. जवळजवळ तीन महिने. काढली तेव्हा हात खांद्याच्या वर जाईना. तो आजतागायत गेलेला नाही. तिचा अंबाडा गेली चौदा वर्षं आई घालते.

ही तीच आजी, जी लग्नाआधी ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभी राहून दिवसभर गोफण फिरवायची. तिच्या गोफणीच्या आवाजाने शेजारच्या शिवारातली पाखरं उठायची, असं ती सांगते. पाखरं किती उठायची ते देव जाणे, पण गोफण डोक्यावरून गरगर फिरवायला खांदा कसा लागतो ते आता मला नीट कळतं.

तर घरात दोन पक्ष पडले. आई म्हणायची, "हलवू नको, परत निखळेल." फिजिओथेरपिस्ट म्हणायची, "हलवला नाही तर आखडेल." आई झोळीचा धसका घेतलेली, तरी झोळीच्याच बाजूने; कारण तिने माझा काटकोनातला खांदा डोळ्यांनी बघितला होता. दोघींचं म्हणणं खरं होतं, हीच पंचाईत.

खांद्याचा सांधा असतोच तसा. खुब्याचा सांधा म्हणजे उखळीत बसलेला मुसळाचा गोळा. खांदा म्हणजे बशीवर ठेवलेलं लिंबू. बशी लहान आणि उथळ. लिंबू पडू नये म्हणून बशीला कुर्चेची कड आहे, भोवती स्नायूबंधांची पिशवी आहे, वरून स्नायू ओढून धरतात. म्हणूनच शरीरातला सगळ्यात जास्त फिरणारा सांधा हाच, आणि मोठ्या सांध्यांमध्ये सगळ्यात जास्त निखळणाराही हाच. तो बांधून ठेवला तर पिशवी आवळते. मोकळा सोडला तर फाटलेली कड जुळायच्या आधीच लिंबू घरंगळतं. या दोन भीतींच्या मधे एक कापड लटकतंय, आणि माणसं जवळजवळ अडीच हजार वर्षं त्याच्यावर वाद घालताहेत.

*

निखळलेला खांदा बसवण्याचं चित्र इजिप्तमध्ये आहे. दुसऱ्या रामसेसच्या काळातल्या इपुई नावाच्या कारागिराच्या थडग्यात, बांधकामावर झालेल्या अपघातांच्या चित्रांमध्ये, एक जण दुसऱ्याचा हात धरून बहुधा खांदा बसवतोय. १८७० मध्ये थिओडोर कोखर या स्विस सर्जनने आपली पद्धत मांडली, ती या चित्रासारखीच दिसते असं पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं. (कोखरला १९०९ मध्ये नोबेल मिळालं, पण ते थायरॉइडच्या कामासाठी.)

बसवल्यानंतर काय करायचं, यावर सविस्तर बोलतात ते ग्रीक. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांमध्ये मोडलेल्या हाडांवर एक आख्खा ग्रंथ आहे, आणि त्याची सुरुवातच कुरकुरीने होते. कुरकुर अशी, की आजकालचे वैद्य फार हुशारी करतात. एकाने म्हणे पेशंटचा हात धनुष्य ओढणाऱ्याच्या पवित्र्यात बांधला, कारण त्याला ती स्थिती नैसर्गिक वाटली. ग्रंथकार म्हणतो, धनुष्य ओढायला ती नैसर्गिक असेल, पट्टी बांधून चार आठवडे जगायला नाही. दुखरा माणूस आपला हात तुमच्यापुढे आपोआप जसा धरतो तसा बांधा. कोपर काटकोनात, आणि हात रुंद, मऊ कापडात टांगलेला. म्हणजे माणूस उठेल, फिरेल, आपली कामं करेल.

रुंद आणि मऊ. माझ्या साडेतीनशेच्या पाऊचचा पट्टा आठवला की हे दोन शब्द मला अजून बोचतात.

याच परंपरेत वारंवार निखळणाऱ्या खांद्यावर एक भयानक उपाय आहे. काखेत खालच्या बाजूला तापलेल्या सळयांनी डाग द्यायचे, आणि मग हात रात्रंदिवस बरगड्यांशी बांधून ठेवायचा, म्हणजे जखमेचा व्रण धरेल आणि लिंबू सुटायची जागाच आवळून जाईल. डाग सोडा, पण मागचा तर्क बघा. हात बांधला की आतलं काहीतरी चिकटेल आणि खांदा टिकेल. हाच तर्क माझ्या आईचा, आणि चिठ्ठीवरच्या तीन आठवड्यांमागचाही हाच.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत मी शिरले ते खरं तर मुसळासाठी. निखळलेला खांदा बसवताना काखेत मुसळ घालून वर उचलायचं, असं तिथे आहे हे कुठेतरी वाचलं होतं, आणि मला उखळ-मुसळाची उपमा पक्की करायची होती. मुसळ सापडलं. खांदा जागेवर आला की त्याला स्वस्तिक बंध बांधायचा, म्हणजे पट्टी एकमेकींवरून फुलीसारखी नेत. पण सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात मला त्याहून मजेदार गोष्ट मिळाली. तिथे पट्ट्या बांधायच्या चौदा पद्धती आहेत, आणि त्यांची नावं त्यांच्या आकारावरून पडलीत. बोटाच्या पेरांना कोश. गोल अवयवाला मंडल. जबड्याला खट्वा, म्हणजे खाट. डोक्याला वितान, म्हणजे छत. आणि हनुवटी, नाक, ओठ, बस्ती आणि खांदा यांना गोफणा.

गोफणा! इंग्रजीतही दगड भिरकावायच्या गोफणीला स्लिंग म्हणतात आणि हात अडकवायच्या झोळीलाही स्लिंगच. मधे रुंद पट्टा, दोन्हीकडे दोऱ्या, पट्ट्यात वजन. दोन भाषांमधल्या माणसांना ते बघून एकच वस्तू आठवली. सुश्रुताचा गोफणा बंध म्हणजे आजची आर्म स्लिंगच, असं मी म्हणत नाही. तो जखम झाकायचा बंध आहे. पण आजीला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "गोफणीत धोंडा ठेवायचा नसतो गं, सोडायचा असतो."

सुश्रुतात मला सगळ्यात पटलं ते बांधण्याच्या ताणाबद्दलचं. पट्टी सैल बांधली तर सांधा स्थिर होत नाही, करकचून बांधली तर सूज, वेदना, कातडी पिकणं. आणि बंध बदलायचा ऋतू बघून. थंडीत सात दिवसांनी, मध्यम हवेत पाच, उन्हाळ्यात तीन. पुण्याच्या जुलैत, काखेत घामाने घामोळं फुटलेलं असताना, सिंथेटिक कापडाचं पाऊच अंगावर घेऊन हे वाचणाऱ्या मुलीला त्या वैद्याच्या पाया पडावंसं वाटलं तर नवल नाही.

पुढे अजून एक. तळहाताला इजा झालेल्या पेशंटने बरं होताना हातात आधी मातीचा गोळा धरायचा, मग मिठाचा खडा, आणि ताकद आली की दगड. माझ्या फिजिओने मला स्माइली काढलेला पिवळा स्पंजचा चेंडू दिला होता, दिवसातून पाच वेळा दाबायला. झोळीत असलेल्या हाताची बोटं आणि मनगट पहिल्या दिवसापासून हलवायची असतात, हे मला त्या चेंडूमुळे कळलं. माझी बोटं सुजली होती ती मारामुळे कमी आणि निपचित लोंबत राहिल्याने जास्त.

*

मधली बरीच शतकं मी सोडून देते. फ्रान्समध्ये देसॉ आणि पुढे व्हेल्पो या सर्जनांच्या नावाच्या पट्ट्या आल्या, ज्यांत हात छातीशी मीटरच्या मीटर कापडाने गुंडाळून टाकत. पुस्तकातली चित्रं बघितली तर माणूस पार्सलसारखा दिसतो. ती बांधायला शिकलेला हात लागायचा.

माझ्या ओढणीची गोष्ट सुरू होते ती १८३० च्या दशकात, स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या माथिआस मायोर या सर्जनपासून. त्याचं म्हणणं साधं होतं. गुंडाळीच्या पट्ट्या कशाला? चौकोनी रुमाल प्रत्येक घरात असतो. तो तिरका दुमडा, झाला त्रिकोण. जवळपास प्रत्येक अवयव त्याने बांधता येतो. ही कल्पना उचलली कीलच्या फ्रीडरिख एसमार्खने. तो प्रशियाच्या सैन्यातला मोठा सर्जन. त्याचा प्रश्न होता युद्धभूमीवरचा. सैनिकाला गोळी लागते तेव्हा तिथे डॉक्टर नसतो, दुसरा सैनिक असतो. मग त्याने त्रिकोणी कापडावरच चित्रं छापून घेतली. कापडावर उघडेवाघडे जखमी सैनिक, प्रत्येकाला तेच कापड वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेलं. कोणाच्या डोक्याला, कोणाच्या गुडघ्याला, कोणाचा हात गळ्यात. वस्तू कशी वापरायची ते वस्तूवरच. माझ्या पाऊचबरोबर एक चिठोरं होतं. त्यावर कंपनीचे बाकीचे प्रॉडक्ट होते.

एसमार्खने १८८२ मध्ये कीलला सामान्य लोकांसाठी प्रथमोपचाराची शाळा काढली. त्याची व्याख्यानं त्याच वर्षी इंग्रजीत आली, भाषांतर केलं होतं राणी व्हिक्टोरियाच्या मुलीने, प्रिन्सेस हेलेनाने. इंग्लंडमध्ये सेंट जॉन अँब्युलन्स असोसिएशन १८७७ मध्येच सुरू झाली होती. तिथून त्रिकोणी पट्टी साम्राज्यभर गेली, पोलिसांत, रेल्वेत, शाळांत. तुम्ही शाळेत स्काउट-गाइडला असाल तर तुमच्या गळ्यातला स्कार्फ हा त्याच कुळातला. मला आमच्या बाईंनी त्याची झोळी बांधायला शिकवली होती, रीफ नॉट मारून. ती गाठ चपटी बसते, टोचत नाही आणि सोडताना पटकन सुटते. मी परीक्षेपुरती शिकले आणि विसरले. पंधरा वर्षांनी यूट्यूबवर परत शिकले.

ओढणी का जिंकली ते इथे उलगडलं. त्रिकोणी झोळीत कोपरापासून करंगळीच्या बुडापर्यंत सगळा हात कापडावर निजतो. वजन पसरतं. हाताचा पंजा कोपरापेक्षा बोटभर वर राहतो, त्यामुळे सूज उतरते. कापड मानेवरून जातं तेही चार बोटं रुंद, आणि गाठ मानेच्या मागे येत नाही, बाजूला गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या खळग्यात येते. पाऊचमध्ये या सगळ्या गोष्टी होऊ शकतात, पण माप बरोबर असेल तर. माप छातीचं घ्यायचं नसतं. काटकोनातल्या कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत टेप लावायची. आम्ही टी-शर्टचा साइझ सांगून आलो होतो.

*

आता भांडणाकडे येते.

एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलला ह्यू ओवेन थॉमस नावाचा डॉक्टर होता. त्याच्या घराण्यात वेल्समधल्या हाडवैद्यांची परंपरा. बाप इव्हान थॉमस डिग्री नसलेला हाडवैद्य, डॉक्टरांनी त्याला कोर्टात खेचून खेचून दमवला. शेवटी त्याने आपली पाचही मुलं मेडिकलला घातली. आपल्याकडे अजून हाडवैद्य आणि ऑर्थोपेडिक एकमेकांकडे कसे बघतात ते ठाऊक असेल तर हा सूड तुम्हाला आवडेल. ह्यू थॉमस रविवारी गरिबांना फुकट तपासायचा. त्याची श्रद्धा एकच, विश्रांती. सांध्याला सक्तीची, अखंड आणि लांबलचक विश्रांती द्या. गळ्यात पट्टा आणि मनगटाला कडं अशी जी साधी झोळी असते, तिचा वंश बरेच जण त्याच्यापर्यंत नेतात.

त्याच काळात पॅरिसमध्ये ज्यूस्त ल्युका-शाँपिओनिएर बरोबर उलटं सांगत होता. मोडलेल्या हाताला मसाज करा, हलवा, लवकर हलवा. बांधून ठेवलेला सांधा वाळतो. त्याच्या विरोधकांना तो वेडा वाटायचा.

आजीची गोष्ट डोक्यात असल्यामुळे मी आधीच पॅरिसच्या बाजूने झुकले होते. पण थॉमसवर अन्याय नको. त्याच्यापुढे येणारे बरेचसे सांधे क्षयाने पोखरलेले असायचे, आणि क्षयाला तेव्हा औषध नव्हतं. अशा सांध्याला विश्रांतीच सगळ्यात दयाळू होती. घोटाळा पुढे झाला. एका रोगाचं औषध सगळ्या खांद्यांना लागू झालं.

हा घोटाळा ज्याने खांद्यापुरता पकडला, तो अर्नेस्ट एमरी कॉडमन, बोस्टनचा. १९३४ मध्ये त्याने खांद्यावर एक जाडजूड पुस्तक काढलं, आणि 'फ्रोझन शोल्डर' हा शब्द त्यात दिला. (आखडलेल्या खांद्याची ओळख जुनीच. सुश्रुतात अवबाहुक आहे, फ्रान्समध्ये द्युप्लेने १८७२ मध्ये वर्णन केलंय. नाव चिकटलं ते कॉडमनचं.) दुखऱ्या खांद्यासाठी त्याने जो व्यायाम दिला तो इतका साधा आहे की तो कोणाला सुचावा लागला याचंच आश्चर्य वाटतं. कमरेत वाका आणि हात लोंबू द्या. काटकोनात वाकलं की लोंबता हात शरीराच्या मानाने खांद्याइतका वर आलेला असतो, आणि उचलायची मेहनत शून्य. गुरुत्वाकर्षण उचलतं. मग तो घड्याळाच्या लंबकासारखा झुलवा, छोटी वर्तुळं काढा. जगभरच्या फिजिओथेरपीत हा व्यायाम आजही त्याच्या नावाने चालतो. मी आमच्या ओट्याला डावा हात टेकून तो केला, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी, आई दारात पदर तोंडाशी धरून उभी असताना.

पण कॉडमन मला आवडतो तो दुसऱ्याच कारणासाठी. त्याचा अट्टहास होता, की हॉस्पिटलने प्रत्येक पेशंटचं वर्षभरानंतर काय झालं ते शोधावं आणि लोकांपुढे ठेवावं. फायदा झाला का? नाही झाला तर का नाही? आज हे सरळ वाटतं. तेव्हा सहकाऱ्यांना तो अपमान वाटला. १९१५ मध्ये एका सभेत त्याने एक व्यंगचित्र झळकवलं. वाळूत डोकं खुपसलेला शहामृग, म्हणजे बोस्टनचे श्रीमंत पेशंट, सोन्याची अंडी मागे फेकतोय आणि डॉक्टर ती वेचताहेत. त्यानंतर त्याची पदं गेली. त्याने स्वतःच्या छोट्या हॉस्पिटलचा हिशोब मात्र छापला. १९११ ते १९१६ मध्ये ३३७ पेशंट, आणि १२३ चुका, त्याच्या स्वतःच्या धरून. १९४० मध्ये तो वारला. २०१४ पर्यंत त्याच्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता.

आजीचा एक्स-रे बघून माना डोलावणाऱ्यांपैकी कोणी वर्षभराने तिला विचारलं असतं, "हात डोक्यापर्यंत जातो का?" तर? एवढंच. हाड जुळलं होतं, फाइल बंद झाली होती.

*

असं विचारत राहणारी माणसं पुढे स्वीडनमध्ये निघाली. लेनार्ट होव्हेलिअस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७८-७९ मध्ये पहिल्यांदाच खांदा निखळलेल्या, १२ ते ४० वयाच्या अडीचशेहून थोड्या जास्त माणसांची नोंद केली. काहींचा हात तीन-चार आठवडे अंगाशी बांधून ठेवला. काहींना झोळी दिली आणि सांगितलं, बरं वाटलं की काढा. मग त्यांना दोन वर्षांनी विचारलं, पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, आणि पंचवीस वर्षांनी. उत्तर दरवेळी तेच. खांदा परत निखळणार की नाही, हे झोळी किती दिवस बांधली यावर ठरत नव्हतं. सगळ्यात जास्त फरक पडत होता वयाने. जितकं तरुण, तितका धोका जास्त.

हे मी रात्री दोन वाजता वाचलं, ओढणीत हात घालून. म्हणजे आई ज्यासाठी झोळीची पहारेकरीण झाली होती, ते काम झोळी करतच नव्हती. मग ती करते काय? दुखणं कमी करते. हाताचं वजन उचलते, माणसाला झोपू देते, बसमध्ये चढू देते. हिपोक्रेटिसवाल्यांनी सांगितलेलं तेच, उठेल, फिरेल, कामं करेल. आराम ही झोळीची वरकड सोय नाही, माझ्यासारख्या खांद्याच्या बाबतीत ते तिचं मुख्य काम आहे. आणि तेच काम माझं साडेतीनशेचं पाऊच करत नव्हतं.

जपानच्या एइजी इतोइने झोळीला अजून एक संधी दिली, तेही सांगायला हवं. २००१ मध्ये त्याने एमआरआयवर दाखवलं, की हात पोटाशी धरण्यापेक्षा बाहेरच्या अंगाला वळवून ठेवला तर फाटलेली कड हाडाला जास्त चांगली टेकते. २००७ च्या त्याच्या १९८ जणांच्या अभ्यासात बाहेर वळवलेल्यांत २६ टक्के, पोटाशी बांधलेल्यांत ४२ टक्के खांदे परत निखळले. जग खूश झालं. मग २०११ मध्ये नॉर्वेत १८८ जणांवर तेच करून पाहिलं तेव्हा फरक मिळाला नाही. शिवाय त्या पट्ट्यात माणूस वेटरने ट्रे धरावा तसा फिरतो, आणि पुण्याच्या पीएमपीत तो ट्रे कोणाच्या तरी बरगडीत जाणार.

माझा खांदा म्हणजे सगळे खांदे नव्हेत. टाके घातलेल्या स्नायूला आणि नुकत्याच मोडलेल्या हाडाला झोळी खरोखर धरून ठेवते. तिथे काखेखाली उशी असलेली मोठी स्लिंग देतात, आणि ती सर्जन सांगेल तितके दिवसच आणि तितके दिवस घालायची. बोटं निळी पडली, मुंग्या थांबेनात किंवा खांद्याच्या बाहेरच्या बाजूला चकतीएवढी जागा बधिर वाटली तर स्लिंग बदलत बसू नका, दवाखाना गाठा.

ओढणीची एकच अडचण होती, ती स्वतःची स्वतःला बांधता यायची नाही. म्हणून मी टेप घेऊन परत मेडिकलला गेले. या वेळी सुती जाळीचं पाऊच घेतलं. पट्टा तीन बोटं रुंद, पाठीवरून तिरका जाऊन दुसऱ्या खांद्यावर बसणारा, मान मोकळी. कोपर मागच्या कोपऱ्यात घट्ट टेकतंय आणि करंगळीचं मूळ पिशवीच्या आत आहे, हे दुकानातच घालून बघितलं. मेडिकलवाला म्हणाला, "मॅडम, असं ट्रायल कोणी घेत नाही." दिवसा पाऊच, रात्री ओढणी. दिवसातून चार वेळा काढून कोपर सरळ करायचं, काख पुसून कोरडी करायची, स्माइली चेंडू दाबायचा. तीन आठवड्यांनी दोन्ही काढलं.

आजी दर रविवारी फोन करायची. तब्येत नाही, जेवण नाही, पहिला प्रश्न हाच, "हात डोक्यापर्यंत जातो का गं?" पहिले चार रविवार नाही म्हणाले. पाचव्या रविवारी कानापर्यंत. सातव्या रविवारी मी फोन स्पीकरवर टाकला आणि बोलता बोलता दोन्ही हातांनी पोनी बांधली. तिला दिसलं नाही, पण रबरबँडचा आवाज ऐकू आला असावा, कारण ती मधेच थांबली.

गणपतीत गावी गेले तेव्हा सकाळी आईच्या हातातून फणी घेतली आणि आजीच्या मागे बसले. केस पांढरे, पातळ, बोटांतून निसटणारे. उजवा खांदा थोडा ओढत होता, पण जात होता. पीळ घातला, गोल फिरवला, आकडे खोचले. आजीने डावा हात मागे नेऊन चाचपून पाहिलं.

"सैल झालाय," ती म्हणाली. "परत घाल."